आधी कळस, मग पाया: 'फेट' पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी

'फेट' या नावाचे जपानी ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन मालिका आणि चित्रपट, बघू या म्हणून कुणी नुसतं नाव शोधलं, तर समोर आलेली यादी बघूनच तो मागे फिरतो. स्टे नाइट, झिरो, अनलिमिटेड ब्लेड वर्क्स, हेवन्स फील, अपॉक्रिफा, एक्स्ट्रा, ग्रँड ऑर्डर, स्ट्रेंज फेक, आणि वर प्रिझ्मा इल्या. 'सीझन १' असं कुठेच लिहिलेलं नाही. एकाच नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी सापडतात, एकाच माणसाचे चार चेहरे दिसतात, आणि कुणाला विचारावं तर तीन जण तीन वेगळे क्रम सांगून आपसात भांडायला लागतात.

मी स्वतः चुकीच्या दारातून आत गेलो. एका मित्राचं म्हणणं होतं, "झिरो म्हणजे शून्य, मग शून्यापासूनच सुरू कर की." तर्क बिनतोड वाटला. पहिलाच भाग पाऊण तासाचा. गंभीर चेहऱ्यांची माणसं बंद खोल्यांत उभी राहून तीन घराण्यांच्या जुन्या भानगडी बोलतात, आणि बोलता बोलता गोल गोल चालत राहतात. मला एक नाव लक्षात राहिलं असेल तर शपथ. तरी नेटाने पंचवीस भाग पूर्ण केले, आवडलेही. फटका नंतर बसला. मूळ गोष्ट, म्हणजे 'स्टे नाइट', बघायला घेतली तेव्हा तिच्यातलं एकूण एक गुपित माझ्या खिशात होतं. खुनी कोण ते माहीत असताना रहस्यकथा वाचावी तसं झालं.

म्हणून माझा क्रम एवढाच: गोष्टी ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने बघू नका, ज्या क्रमाने सांगितल्या गेल्या त्या क्रमाने बघा. 'आधी कळस मग पाया' हे आपण उलट्या कामाला म्हणतो. इथे मात्र तेच सरळ काम आहे.

१. हा सगळा पसारा आला कुठून

हे ठाऊक असलं की यादीची भीती निम्मी होते. लेखक किनोको नासु आणि चित्रकार ताकाशी ताकेउची यांच्या टाइप-मून या गटाने जानेवारी २००४ मध्ये 'फेट/स्टे नाइट' नावाचा संगणकावरचा खेळ काढला. खेळ म्हणायचं, पण प्रत्यक्षात ती वाचायची कादंबरीच. पडद्यावर चित्र, खाली मजकूर, मध्येच "आता काय करायचं?" असा प्रश्न, आणि उत्तराप्रमाणे गोष्ट वळते. या प्रकाराला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात.

या कादंबरीला तीन वाटा आहेत. सुरुवात एकच, पात्रं तीच, शहरही तेच फुयुकी. पण पहिली वाट सेबर नावाच्या योद्धा स्त्रीभोवती फिरते, दुसरी तोहसाका रिन या मुलीभोवती आणि तिसरी मातो साकुरा हिच्याभोवती. दुसऱ्या वाटेचं नाव अनलिमिटेड ब्लेड वर्क्स, तिसरीचं हेवन्स फील. म्हणजे ही नावं पुढच्या सीझनची नव्हेत. एकाच गोष्टीच्या 'असं झालं असतं तर' या तऱ्हा आहेत. एका वाटेत मेलेला माणूस दुसरीत शेवटपर्यंत टिकतो आणि दोन्ही खरं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की "अरे, हा तर मागे मेला होता ना?" हा प्रश्न पडत नाही.

झिरो आली नंतर. गेन उरोबुची यांनी २००६-०७ मध्ये चार खंडांत ती कादंबरी लिहिली. काळ मूळ गोष्टीच्या दहा वर्षं आधीचा, पण लिहिली ती मूळ गोष्ट माहीत असलेल्या वाचकांसाठी. तिची सगळी वेदनाच या ओळखीवर उभी आहे. पुढे कोणाचं काय होणार ते आपल्याला माहीत असतं, त्या बिचाऱ्यांना नसतं. ही ओळख नसेल तर ती एक उत्तम, काळीकुट्ट युद्धकथा उरते, बस्स.

२. दार कुठलं आणि त्यावरची पाटी नीट वाचा

सुरुवात करा 'फेट/स्टे नाइट: अनलिमिटेड ब्लेड वर्क्स' या मालिकेपासून. स्टुडिओ युफोटेबल, दिग्दर्शक ताकाहिरो मिउरा, पहिला अर्धा भाग २०१४ च्या शेवटी आणि दुसरा २०१५ मध्ये. शून्यापासून पंचविसापर्यंत एकूण २६ भाग.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला नावाचा. याच नावाचा २०१० चा एक चित्रपटही आहे, तो स्टुडिओ डीनचा. त्यात ही अख्खी वाट पावणेदोन तासांत कोंबली आहे. ज्याला गोष्ट आधीच पाठ आहे त्याच्यासाठी ठीक, नवख्याला त्यातलं ओ की ठो कळणार नाही. म्हणून लावण्याआधी साल आणि भागांची संख्या बघा.

दुसरा खड्डा शून्याचा. शून्यावा भाग काही ठिकाणी यादीत वेगळा ठेवलेला असतो. 'स्पेशल असेल, नंतर बघू' म्हणून सोडून दिलात तर सुरुवातच हुकली. तो जोड-भाग नाही, तोच खरा पहिला भाग आहे.

"दुसऱ्या वाटेपासून कशी सुरुवात करायची, पहिलीचं काय?" हा रास्त प्रश्न आहे. पहिल्या वाटेवर स्टुडिओ डीनने २००६ मध्ये २४ भागांची मालिका केली होती. केंजी कावाई यांचं संगीत आजही कानात राहील असं आहे. पण त्या मालिकेत बाकीच्या दोन वाटांचे तुकडे मध्येच घुसडलेत, त्यामुळे पुढची गुपितं फुटतात आणि चित्रकामही आजच्या डोळ्यांना जुनं वाटतं. माझ्या मते ती नंतर, हौसेने बघायची गोष्ट आहे. ज्यांना वाचायचा कंटाळा नाही त्यांच्यासाठी सर्वांत चांगलं दार अर्थातच मूळ कादंबरी. २०२४ मध्ये तिची नवी आवृत्ती इंग्रजी मजकुरासह स्टीम आणि निन्टेन्डो स्विचवर आली. तिन्ही वाटा ठरलेल्या क्रमानेच उघडतात, त्यामुळे चुकायची सोय नाही. पण ते कित्येक आठवड्यांचं काम आहे. तुम्ही ॲनिमे बघायला आलात, तर आपण त्याच वाटेने जाऊ.

३. बघण्याआधी एवढं पुरे

फुयुकीत एक गुप्त युद्ध चालतं. सात जादूगार, त्यांना मास्टर म्हणायचं. प्रत्येक जण इतिहासातल्या किंवा पुराणातल्या एका वीराला आवाहन करून बोलावतो, तो सर्व्हंट. सात जोड्या एकमेकांशी लढतात. शेवटी उरलेल्या जोडीला होली ग्रेल मिळतं, म्हणजे मनातली इच्छा पुरवणारा चषक.

वीर आपल्या खऱ्या नावाने वावरत नाहीत. त्यांना सात पदव्या आहेत: तलवारीचा सेबर, धनुष्याचा आर्चर, भाल्याचा लान्सर, वाहनावरचा रायडर, मंत्रांचा कास्टर, लपून मारणारा असॅसिन आणि भान हरपून ताकद मिळवलेला बर्सर्कर. जपानी उच्चारात हे शब्द सुरुवातीला ओळखूच येत नाहीत. 'मासुता' ऐकून मला काही भाग ते कुणाचं तरी आडनाव वाटत होतं.

नाव का लपवायचं? याच्यासाठी आपल्याला बाहेरचं उदाहरण शोधायला नको, कारण कर्ण फेटमध्ये खरोखरच आहे. अपॉक्रिफामध्ये तो लान्सर म्हणून येतो, अंगावर कवच, हातात इंद्राने दिलेली शक्ती. आता समजा तुमच्यासमोर एक भालाधारी उभा आहे आणि तो कोण ते तुम्हाला माहीत नाही. घाव लागत नाहीत, तुम्ही गोंधळता. पण कुणी कानात सांगितलं, 'हा कर्ण', की क्षणात सगळा हिशेब बदलतो. कवच दान मागून काढून घेता येतं हे तुम्हाला ठाऊक आहे. शक्ती एकदाच वापरता येते हेही ठाऊक आहे. नाव कळणं म्हणजे त्या माणसाचं मरण कसं झालं ते कळणं. फेटमधली प्रत्येक लढाई मुळात नाव काढून घेण्याची लढाई असते, तलवारी नंतर.

म्हणूनच सर्व्हंटचं खास अस्त्र, नोबल फँटझम, ही दुधारी गोष्ट आहे. ते नाव घेऊन सोडावं लागतं. सोडलं तर समोरचा बहुतेक मरतो, पण वाचला तर तुमची ओळख घेऊन वाचतो. त्यामुळे कुणी अस्त्र सोडायला हात वर केला आणि पुन्हा खाली घेतला, तर तो घाबरला असं समजू नका. त्याने हिशेब केलाय.

शेवटची गोष्ट कमांड स्पेल. मास्टरच्या अंगावर लाल खूण असते आणि तिचे तीन वापर. एका वापरात सर्व्हंटला कोणतीही आज्ञा पाळायला लावता येते, अगदी त्याच्या मनाविरुद्धची, किंवा एरवी अशक्य असलेलीसुद्धा. तीन संपले की समोर एक अतिबलाढ्य पाहुणा उरतो, आणि त्याने तुमचं ऐकावं याची काही खात्री नाही.

याहून जास्त वाचून जाऊ नका. जादूचे प्रकार, घराण्यांचे इतिहास, ग्रेल कसं बनलं, हे सगळं सांगितलं जातं, आणि कळलं नाही तरी बिघडत नाही. दुसऱ्या भागात चर्चमधला पाद्री नियमांचं लांबलचक प्रवचन देतो. तिथे नियमांपेक्षा त्या पाद्रीच्या चेहऱ्याकडे बघा.

४. पहिले दोन लांब भाग एकाच बैठकीत

शून्यावा आणि पहिला, दोन्ही भाग पाऊण-पाऊण तासाचे आहेत. दोन्हींत साधारण तेच दिवस आहेत. शून्यावा रिनच्या नजरेतून, पहिला एमिया शिरो या मुलाच्या नजरेतून. काही जण पहिला भाग लावून "हे तर बघितलेलं आहे" म्हणून पुढे ढकलतात. तसं करू नका. एकीला जे दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही, सगळी गंमत त्या फटीत आहे. शिरो शाळेतला बिघडलेला हीटर दुरुस्त करतो त्या प्रसंगात काहीच घडत नाही असं वाटतं. तो हात कशावर ठेवतो आणि डोळे मिटून काय करतो एवढं लक्षात असू द्या.

शून्याव्या भागातला एक प्रसंग जरा जवळून सांगतो. हा अगदी सुरुवातीचा आहे, रहस्य फुटत नाही. रिन सकाळी शाळेत जाते तर शाळा रिकामी. घरातली घड्याळं एक तास पुढे आहेत हे तिला तिथे कळतं. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट. त्याच रात्री ती तळघरात आवाहनाची सिद्धता करते. तिची जादू रात्री दोनला सर्वांत प्रबळ असते, म्हणून दोनचा मुहूर्त धरते. तिला सातांमधला सर्वोत्तम समजला जाणारा सेबर हवाय. मंत्र बरोबर, वर्तुळ बरोबर, रत्नं बरोबर, आणि मंडलात कुणीच येत नाही. वर कुठेतरी धडाम आवाज होतो. ती धावत वर जाते, दार लाथेने उघडते. दिवाणखान्याचं छत फुटलंय, फर्निचरचा चुरा झालाय आणि त्या ढिगाऱ्यावर लाल कपड्यांतला एक माणूस आरामात बसलाय. मुहूर्त एक तास चुकला. सेबर हुकला, आर्चर आला.

हा आर्चर तिला जुमानत नाही. ती चिडते, आणि भांडणाच्या भरात मौल्यवान तिनांपैकी एक कमांड स्पेल 'माझं ऐकायचं' एवढ्यासाठी उडवते. कमांड स्पेल म्हणजे काय ते या भांडणात जेवढं कळतं तेवढं पाद्रीच्या प्रवचनात कळत नाही. आणि रिनही कळते: हुशार, तयारीची, आणि ऐन वेळी हमखास घोळ घालणारी.

या बैठकीसाठी दीड तास मोकळा ठेवा. प्लेअरचा वेग वाढवू नका. युफोटेबलची माणसं हाताने काढलेली पात्रं, संगणकावरचं त्रिमितीय शहर आणि प्रकाशाचे परिणाम हे सगळं एकाच छताखाली जोडतात, आणि त्या जोडण्यातच त्यांचा हात धरणारे थोडे आहेत. याच स्टुडिओची 'डीमन स्लेयर' बघून तुम्ही इथे आला असाल, तर चित्रांची ओळख लगेच पटेल. फरक एवढाच की तिथे पात्रं मनातलं सगळं बोलून दाखवतात, इथे दाबून ठेवतात. जमलं तर चांगले हेडफोन घ्या. आर्चर आणि लान्सरची शाळेच्या मैदानातली पहिली लढाई लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकणं म्हणजे तबला भिंतीपलीकडून ऐकणं.

सबटायटल्स की डब, हा वाद मी घालत नाही. मला जपानी आवाज आवडतात, विशेषतः आर्चरसाठी जुनिची सुवाबे. पण लढाईत डोळे खालच्या ओळीवर अडकत असतील तर खुशाल इंग्रजी डब लावा.

५. कागदाचा एक तुकडा

हा उपाय मला उशिरा सुचला. एका कागदावर सात ओळी आखा, प्रत्येक पदवीसाठी एक. पुढे दोन रकाने: मास्टर कोण आणि खरं नाव काय. भाग संपला की जे कळलं ते लिहा.

पहिले तीन भाग संपेपर्यंत किमान चार ओळींत काहीतरी आलेलं असेल. सेबर आणि लान्सर समोर येतात, आणि तिसऱ्या भागात स्मशानातल्या थडग्यांमधून बर्सर्कर जो धुमाकूळ घालतो तो विसरणं शक्य नाही. पण लान्सरसमोर मास्टरचा रकाना कोराच असेल, आणि आर्चरसमोर नावाचा. ते रकाने तुम्हाला टोचायला लागले की समजा मालिका लागू पडली. लोक म्हणतात एखाद्या ॲनिमेला तीन भागांची संधी द्यावी. इथे शून्यापासून मोजून चार द्या. त्या स्मशानानंतरही पुढे बघावंसं वाटलं नाही, तर फेट तुमच्यासाठी नाही, आणि त्यात काही वाईट नाही.

पेन्सिलने लिहा. खोडावं लागतं.

६. काहीही शोधू नका

हा नियम सर्वांत महत्त्वाचा आणि पाळायला सर्वांत अवघड. मालिकेचं अर्धं रहस्य नावांत आहे, आणि इंटरनेटला ती नावं बोलून टाकायची फार घाई असते. शोधपट्टीत पदवीचं नाव टाइप करायला घ्यावं तर खालच्या सूचनांमध्येच खरं नाव टपकतं. चाहत्यांच्या विकीवर तर पहिल्या ओळीतच. व्हिडिओंच्या छोट्या चित्रांवरही तेच. एखादं दृश्य फार आवडलं तरी त्याची क्लिप शोधायला जाऊ नका, बाजूला सुचवलेल्या पाच व्हिडिओंपैकी एक तरी घात करतोच.

मोबाइलवरचा ग्रँड ऑर्डर हा खेळही आत्ता नको. जपानमध्ये तो २०१५ पासून चालू आहे. त्यात जवळपास सगळे वीर खऱ्या नावानिशी पत्त्यांसारखे वाटले जातात. मजा आहे त्यात, पण तुमच्या कागदाचे रकाने दुसऱ्यानेच भरून दिल्यासारखं होतं.

पुराणांचा अंदाज बांधायला मात्र पूर्ण मोकळीक. आयरिश, ग्रीक, पर्शियन, जे आठवेल ते. पात्राचं शस्त्र, त्याची बोलण्याची ढब, त्याला कशाचा राग येतो, यावरून ओळखायचा प्रयत्न करा. चुकलात तरी खेळ रंगतो.

७. शिरोचा राग येईल, येऊ द्या

नवखे बहुतेक इथे अडखळतात. शिरोला जादू धड येत नाही, तरी तो आपल्याहून शंभरपट बलवान सेबरच्या पुढे उडी घालतो. सगळ्यांना वाचवायचं म्हणतो. 'न्यायाचा कैवारी' व्हायचंय म्हणतो. तीन-चार भागांनंतर वाटतं, याच्या कानाखाली वाजवावी.

थांबा. मालिकेलाही तसंच वाटतं. दहा वर्षांपूर्वी शहरात लागलेल्या मोठ्या आगीतून हा मुलगा एकटा वाचला आणि ज्याने वाचवलं त्याचं स्वप्न त्याने जसंच्या तसं उचललं. दुसऱ्याचं स्वप्न उचलून जगणारा माणूस खरा की नकली, हाच या वाटेचा प्रश्न आहे आणि उत्तरार्धात तो तलवारींनी विचारला जातो. तिथे लढाया थोड्या लांबतात, बोलणं खूप होतं. लढता लढता एवढं कोण बोलतं, अशी तक्रार मीही केली आहे. पण ते बोलणं काढून टाकलं तर नुसती ठिणग्यांची आतषबाजी उरेल. म्हणून दुसरा अर्धा भाग रोज दोन-दोन भाग करून बघा. एका रात्रीत संपवलात तर सगळ्या चर्चा एकमेकींत मिसळून जातील.

८. मग हेवन्स फील, मग झिरो

हेवन्स फीलचे तीन चित्रपट आहेत: २०१७, २०१९ आणि २०२०. दिग्दर्शन तोमोनोरी सुदो यांचं, संगीत युकी काजिउरा यांचं, प्रत्येकी साधारण दोन तास. पहिल्या चित्रपटाने तुमची सरळ परीक्षा घेतली आहे. ज्या सुरुवातीवर मालिकेने तास-दीड तास घालवला, ती इथे श्रेयनामावलीच्या मागून काही मिनिटांत पळवली आहे. म्हणूनच हे आधी बघता येत नाही. तुम्हाला मात्र तो वेग बघून छान वाटेल, कारण आता तुम्ही जुने झालेले असता.

ही वाट अंधारी आहे. हिंसा आहे, लैंगिक अत्याचाराचे संदर्भ आहेत, मुलांसोबत बघायची नाही. आधीच्या मालिकेत कोपऱ्यात उभी असलेली माणसं इथे मधोमध येतात. तो जुना कागद काढा, जे पक्कं म्हणून लिहिलं होतं त्यातलं बरंच हलेल.

झिरो सर्वांत शेवटी. २०११ आणि २०१२ मध्ये दोन टप्प्यांत आलेले २५ भाग, स्टुडिओ तोच, संगीत पुन्हा काजिउरा यांचं. काही लोक हेवन्स फीलच्या आधी झिरो बघायला सांगतात. माझा त्याला विरोध आहे, कारण एका घराण्याबद्दल झिरो जे पहिल्याच भागात सहज सांगून टाकते, ते हेवन्स फील तुम्हाला हळूहळू सापडू देते. गोल फिरत बोलणारी ती माणसं आता तुम्हाला नावानिशी ठाऊक असतात. कोणाची मुलगी कोण, कोणाचं घर कोणतं, कुणाच्या दारातून पुढे कोण येणार. ज्या भागाने मला झोप आणली होती, तोच दुसऱ्यांदा बघताना मी मध्येच थांबवून मागे घेत होतो.

तिन्ही मिळून साधारण २८ तास होतात. रोज तासभर दिला तरी महिन्यात संपतं.

९. बाकीच्या फांद्या

इथून पुढे क्रम नाही, आवड आहे. अपॉक्रिफा, एक्स्ट्रा, ग्रँड ऑर्डर ही समांतर विश्वं आहेत, फुयुकीच्या गोष्टीचा पुढचा भाग नव्हेत. अपॉक्रिफा रुमानियात घडते, सात विरुद्ध सात अशी मोठी लढाई. गोष्ट अधूनमधून भरकटते, पण कर्णासाठी बघाच. त्याला इतकं अदबीने आणि इतकं शांत रंगवलंय की महाभारत ऐकत वाढलेल्या माणसाचा जीव सुखावतो. ग्रँड ऑर्डरमध्ये अर्जुनही आहे, आणि सेबर म्हणून झाशीची राणी लक्ष्मीबाईसुद्धा. ग्रँड ऑर्डरवरची बॅबिलोनिया ही मालिका दिसायला देखणी आहे, पण ती खेळातल्या सातव्या मोठ्या अध्यायावर बेतलेली आहे. तिचा स्वतःचा शून्यावा भाग बघूनही थोडं अधांतरी वाटणारच, ते गृहीत धरा.

प्रिझ्मा इल्याच्या वाटेला मी जात नाही, तुम्हीही घाईने जाऊ नका.

आणि एमिया घराच्या जेवणावरची छोटी मालिका मात्र राखून ठेवा. २०१८ ची, युफोटेबलचीच, १३ छोटे भाग. एकमेकांच्या जिवावर उठलेली सगळी माणसं तिथे शिरोच्या स्वयंपाकघरात काहीतरी शिजवतात आणि जेवतात. हेवन्स फीलचा तिसरा चित्रपट संपल्यावर त्याच रात्री यातला एक भाग लावा.

सगळं झाल्यावर अनलिमिटेड ब्लेड वर्क्सचा शून्यावा भाग पुन्हा एकदा बघा, आणि ढिगाऱ्यावरचा तो लाल कपड्यांतला माणूस पुन्हा नीट बघा. आवाहन गडबडीत झाल्यामुळे आपण कोण तेच आठवत नाही, असं तो रिनला सांगतो. ती आपलं नाव सांगते. तो ते एकदा उच्चारून बघतो, आणि हे नाव तुला शोभतं असं काहीसं म्हणतो. पहिल्या वेळी मला ते नुसतं सभ्य बोलणं वाटलं होतं.